वडिलांच्या खोक्यातली रेसिंग कार्डं : नॅस्कारच्या संग्रहाची खरी किंमत कशी ठरते?

१८ फेब्रुवारी २००१. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात डेटोना ५०० ही शर्यत सुरू होती. शेवटच्या फेरीचं शेवटचं वळण आलं आणि तिसऱ्या स्थानावर धावणारी ३ नंबरची काळी शेवरोले गाडी काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. गाडी चालवणारे होते डेल अर्नहार्ट. सात वेळा विजेतेपद मिळवलेला, ‘द इंटिमिडेटर’ म्हणून ओळखला जाणारा हा ड्रायव्हर त्या अपघातात गेला.

त्यानंतरच्या दिवसांत अर्नहार्ट यांचं नाव असलेल्या जवळपास प्रत्येक वस्तूची मागणी वाढली. कार्डं, छोट्या धातूच्या गाड्या, टोप्या, जॅकेटं, सही केलेले फोटो. ऑनलाइन लिलावांत बोली चढत गेल्या. काहींनी प्रेमापोटी घेतलं, तर काहींनी ‘पुढे सोन्याचा भाव येईल’ म्हणून.

आता दोन दशकांहून जास्त काळ उलटला आहे. तेव्हा घेतलेली खोकी अमेरिकेतल्या अनेक घरांच्या तळघरात आणि गॅरेजमध्ये पडून आहेत. ज्यांनी ती जमवली ते म्हातारे झाले, काही गेलेही. मुलं-नातवंडं खोकी उघडतात तेव्हा पहिला प्रश्न असतो : याचं काय येईल?

बहुतेकदा उत्तर निराशा करणारं असतं. पण कधी कधी त्याच खोक्यात खरोखर मोलाची एखादी वस्तू असते आणि माहिती नसल्यामुळे तीही रद्दीच्या भावात जाते. नॅस्कारच्या संग्रहाचा हा बाजार नेमका चालतो कसा?

आधी थोडं नॅस्कारबद्दल

स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममध्ये ‘स्टॉक’मध्ये असलेली, सामान्य माणूस विकत घेतो तशी गाडी. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात चोरटी दारू वाहून नेणारे लोक पोलिसांना चकवण्यासाठी साध्या दिसणाऱ्या गाड्यांची इंजिनं जोरदार करून घ्यायचे. तिथल्या सुरुवातीच्या अनेक ड्रायव्हरांचा हात या धंद्यातच बसला होता.

१९४८ मध्ये बिल फ्रान्स सीनियर यांनी पुढाकार घेऊन या शर्यतींना एका संघटनेखाली आणलं. तीच नॅस्कार. आज या गाड्या फक्त दिसायला शोरूममधल्या गाड्यांसारख्या असतात, आत सगळं शर्यतीसाठीच बनवलेलं असतं.

संग्रह करणाऱ्यांसाठी या खेळाची तीन वैशिष्ट्यं महत्त्वाची आहेत. पहिलं, गाडीचा नंबर. रिचर्ड पेटी म्हटलं की ४३, अर्नहार्ट म्हटलं की ३, जेफ गॉर्डन म्हटलं की २४. दुसरं, गाडीची रंगसंगती. ती प्रायोजकानुसार बदलते आणि गाडीचं प्रत्येक नवं रूप म्हणजे विकायला एक नवी वस्तू. तिसरं, चाहत्यांना ड्रायव्हरपर्यंत पोहोचणं इतर मोठ्या खेळांच्या मानानं सोपं आहे. शर्यतीच्या ठिकाणी ‘हीरो कार्ड’ नावाची मोठ्या आकाराची चित्रं फुकट वाटली जातात आणि ड्रायव्हर त्यावर सह्या करून देतात. त्यामुळे सही केलेली वस्तू या खेळात फारशी दुर्मीळ नसते.

कार्डांची सुरुवात कधी झाली?

बेसबॉलची कार्डं अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून आहेत. सिगारेटच्या पाकिटात, नंतर च्युइंगगमबरोबर ती मिळायची. आपल्याकडे बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची, तसाच हा प्रकार. स्टॉक कार रेसिंगला मात्र स्वतःची कार्डं मिळायला बराच उशीर झाला. तेव्हा हा खेळ मुख्यतः दक्षिणेकडच्या राज्यांपुरता मानला जायचा आणि मोठ्या कार्ड कंपन्यांना त्यात बाजार दिसत नव्हता.

१९७२ मध्ये एसटीपी या तेलातली रसायनं बनवणाऱ्या कंपनीनं जाहिरातीसाठी एक छोटा संच काढला. त्याच वर्षी या कंपनीचं नाव रिचर्ड पेटी यांच्या गाडीवर झळकू लागलं होतं. हा संच दुकानात विकण्यासाठी नव्हता. फार लोकांनी तो जपलाही नाही. म्हणूनच आज त्यातलं चांगल्या अवस्थेतलं कार्ड सापडणं कठीण आहे.

खरी सुरुवात १९८८ मध्ये झाली. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहर परिसरात नॅस्कारच्या बहुतेक संघांची ठाणी आहेत. तिथल्या मॅक्स कंपनीनं १०० कार्डांचा संच बाजारात आणला. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला नॅस्कारचा पहिला संच म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या दोन छपाया झाल्या, एक ‘शार्लट’ आणि दुसरी ‘मर्टल बीच’ नावानं ओळखली जाते. जाणकार विक्रेता आधी विचारतो, कोणत्या छपाईचा संच आहे? दिसायला सारख्या असल्या तरी दोन्हींना सारखी किंमत येत नाही.

९९ नंबरचं न आलेलं कार्ड

मॅक्सच्या त्या पहिल्या संचात एक गंमत आहे. ९९ नंबरचं कार्ड डेल अर्नहार्ट यांचं असणार होतं. पण त्यांच्याशी करार झाला नाही आणि ते कार्ड संचासोबत आलंच नाही. पुढे काही वर्षांनी ते मर्यादित संख्येनं बाहेर आलं. खेळातल्या सर्वांत लोकप्रिय माणसाचं, पहिल्या मोठ्या संचातलं, वेळेवर न आलेलं कार्ड. संग्राहकांना आणखी काय हवं?

हे घडण्यामागे नॅस्कारची रचना आहे. बास्केटबॉल किंवा अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडूंची संघटना असते आणि कार्ड कंपनी त्या संघटनेशी एकच करार करून सगळ्यांची चित्रं छापू शकते. नॅस्कारचे ड्रायव्हर स्वतंत्र कंत्राटदार असतात. एका कार्डावर ड्रायव्हरचा चेहरा, संघाची गाडी, प्रायोजकाचं चिन्ह आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीचं नाव एकत्र येतं. प्रत्येकाचा हक्क वेगळा. एकानं जरी ‘नाही’ म्हटलं तरी कार्ड अडतं.

दुर्मीळपणा अशा प्रकारे आला, तर तो खरा असतो. बाकी बऱ्याच वेळा तो छापखान्यात ठरवून तयार केलेला असतो.

मग जुन्या कार्डांना भाव का नाही?

१९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एक समज पसरला. जुनी बेसबॉल कार्डं हजारो डॉलरना विकली जाताहेत, म्हणजे आजची कार्डं जपून ठेवली तर उद्या मुलाच्या कॉलेजचा खर्च निघेल. लोक पाकिटं न फोडता पेट्याच्या पेट्या घेऊ लागले. कंपन्यांनी मागणीनुसार छपाई वाढवली.

नॅस्कारमध्येही हेच झालं. मॅक्सच्या यशानंतर ट्रॅक्स, प्रो सेट, ॲक्शन पॅक्ड, व्हील्स, प्रेस पास अशा अनेक कंपन्या उतरल्या. १९९० च्या दशकात नॅस्कारची लोकप्रियता झपाट्यानं वाढत होती आणि कार्डंही.

हिशेबातली चूक साधी होती. १९५० च्या दशकातली कार्डं महाग झाली, कारण मुलांनी ती सायकलच्या चाकात अडकवली, खिशात चुरगाळली, आयांनी फेकून दिली. फार थोडी उरली. १९९१ मधली कार्डं मात्र सगळ्यांनीच जपून ठेवली. सगळ्यांकडे असलेली वस्तू दुर्मीळ होत नाही. परिणामी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे बरेचसे पूर्ण संच आज काही डॉलरना मिळतात. टपालखर्च कधी कधी संचाच्या किमतीहून जास्त पडतो. या काळातल्या मालाला अमेरिकेत ‘जंक वॅक्स’ म्हणतात. कार्डांची पाकिटं तेव्हा मेणकागदाची असत, त्यावरून हे नाव पडलं.

म्हणून खोक्यातली पाकिटं सीलबंद आहेत एवढ्यावर खूश होण्यात अर्थ नाही. वस्तू किती जुनी आहे यापेक्षा तिच्या किती प्रती उरल्या आहेत हे महत्त्वाचं.

कार्डात टायरचा तुकडा

सामान्य कार्डांना भाव उरला नाही तेव्हा कंपन्यांना काहीतरी वेगळं देणं भाग होतं. १९९६ मध्ये प्रेस पासनं ‘बर्निंग रबर’ नावाची कार्डं आणली. त्यात शर्यतीत प्रत्यक्ष वापरलेल्या टायरचा छोटा तुकडा बसवलेला होता. खेळात वापरलेल्या वस्तूचा तुकडा कार्डात घालण्याची ही सुरुवात मानली जाते. खेळाडूंच्या जर्सीचे तुकडे असलेली कार्डं इतर खेळांत आली ती यानंतर. म्हणजे आज क्रिकेटपासून फुटबॉलपर्यंत सर्वत्र दिसणारी ही कल्पना स्टॉक कार रेसिंगमधून निघाली.

त्यानंतर टायर, गाडीचा पत्रा, ड्रायव्हरचा अग्निरोधक सूट असं बरंच काही कापून कार्डात गेलं. सोबत ड्रायव्हरची सही आणि कार्डाचा अनुक्रमांक आला. ‘२५/९९’ असं छापलेलं असेल तर एकूण ९९ प्रती आहेत आणि हातातली पंचविसावी आहे. ‘१/१’ म्हणजे जगात एकच.

२०१५ च्या सुरुवातीला प्रेस पासनं काम थांबवलं. २०१६ पासून मूळची इटलीची असलेली पनिनी कंपनी नॅस्कारची कार्डं काढू लागली. तिच्या ‘प्रिझम’ मालिकेतली चकचकीत, वेगवेगळ्या रंगछटांची कार्डं तरुण संग्राहकांत लोकप्रिय झाली. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात घरी बसलेले लोक पुन्हा कार्डांकडे वळले. भाव इतके चढले आणि तपासणीसाठी इतकी कार्डं आली, की पीएसए या सर्वांत मोठ्या ग्रेडिंग कंपनीला मार्च २०२१ मध्ये बहुतेक सेवांसाठी नवी कार्डं घेणं थांबवावं लागलं. त्यानंतर तेजी ओसरली. १९९० च्या दशकासारखीच एक लाट येऊन गेली.

डायकास्ट : मूठभर गाडी, मोठा बाजार

नॅस्कारच्या संग्रहात कार्डांपेक्षाही मोठी जागा डायकास्टनं व्यापली आहे. साच्यात ओतलेल्या धातूच्या या हुबेहूब छोट्या गाड्या. १:६४ मापाची गाडी तळहातावर मावते, आपल्याकडे मुलं खेळतात त्या हॉट व्हील्सच्या गाड्या साधारण याच मापाच्या. संग्राहकांची आवड मात्र १:२४ मापाची. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी, साधारण वीस सेंटिमीटर लांब.

१९९० च्या दशकात ॲक्शन परफॉर्मन्स या कंपनीनं हा बाजार मोठा केला. त्यात एका युक्तीचा मोठा वाटा होता. १९९५ च्या ‘द विन्स्टन’ या शर्यतीत अर्नहार्ट नेहमीच्या काळ्या गाडीऐवजी चंदेरी गाडी घेऊन उतरले. निमित्त होतं विन्स्टन या सिगारेट ब्रँडच्या प्रायोजकत्वाच्या पंचविसाव्या हंगामाचं. चाहत्यांनी त्या चंदेरी गाडीची छोटी प्रतिकृती डोक्यावर घेतली. एका शर्यतीपुरता रंग बदलला तर चाहता आणखी एक गाडी विकत घेतो, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. पुढे ऑलिम्पिक, नाश्त्याची कंपनी, चित्रपट, कार्टून अशा नाना निमित्तांनी रंग बदलू लागले. १९९७ मध्ये जेफ गॉर्डन यांनी ‘जुरासिक पार्क’च्या रंगातली गाडी चालवून ‘द विन्स्टन’ जिंकली. ती गाडी इतकी वेगवान होती की पुन्हा आणू नका असं संघाला सांगण्यात आलं. तिची प्रतिकृती आजही मागितली जाते, कारण तिच्यामागे एक गोष्ट आहे.

पण दर आठवड्याला नवी ‘मर्यादित आवृत्ती’ येऊ लागली तर मर्यादित या शब्दाला अर्थ उरत नाही. अनेक गाड्यांच्या हजारो प्रती निघाल्या. पुढे मागणी घसरली. ॲक्शन कंपनी २००५ मध्ये विकली गेली आणि २०१० पासून खेळण्यातल्या रेल्वेगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या लायनेलनं हा व्यवसाय हाती घेतला. आता बऱ्याच गाड्या आगाऊ नोंदणीनुसार बनतात. ‘रेस विन’ प्रकारात तर शर्यत जिंकल्यावर गाडी जशी दिसत होती तशीच, म्हणजे ओरखडे, काळे डाग आणि वर पडलेल्या रंगीत कागदांसकट प्रतिकृती बनवतात.

डायकास्ट विकताना काय पाहतात? मूळ खोकं आहे का. आत गाडी घट्ट धरून ठेवणारा साचा आहे का. गाडीखालचा क्रमांक आणि किती प्रती निघाल्या त्याची नोंद. रंग उन्हानं फिका पडला आहे का. खिडकीजवळच्या कपाटात दहा वर्षं मांडून ठेवलेली गाडी आणि खोक्यात अंधारात राहिलेली गाडी यांच्या भावात मोठा फरक पडतो.

शर्यतीतला खरा पत्रा, खरा सूट

संग्रहाच्या उतरंडीत सर्वांत वर असतात शर्यतीत प्रत्यक्ष वापरलेल्या वस्तू. हेल्मेट, हातमोजे, अग्निरोधक सूट, आणि नॅस्कारची खासियत म्हणजे गाडीचा पत्रा. शर्यतीनंतर चेपलेला दरवाजा किंवा पुढचं झाकण संघाला निरुपयोगी असतं. चाहत्यासाठी मात्र मोठ्या नंबरासह असलेला तो दरवाजा म्हणजे भिंतीवर टांगायची ट्रॉफी. अनेक संघ असे भाग विकत आले आहेत.

२०२२ पासून इथे एक बदल झाला आहे. त्या वर्षी मुख्य मालिकेत आलेल्या ‘नेक्स्ट जेन’ गाडीची बाह्य अंगं पोलादी पत्र्याची नसून कंपोझिट साहित्याची आहेत. जुन्या पद्धतीचा हातानं घडवलेला पत्रा आता मुख्य मालिकेतून येणार नाही. जो आहे तेवढाच. त्यामुळे चांगली कागदपत्रं असलेल्या जुन्या पत्र्याकडे संग्राहक वेगळ्या नजरेनं पाहतात.

इथे सगळा खेळ पुराव्याचा आहे. लाल रंगाचा चेपलेला पत्रा कोणत्याही भंगारवाल्याकडे मिळेल. तो अमुक गाडीचा, अमुक शर्यतीतला आहे हे सिद्ध व्हायला हवं. संघाचं पत्र, खरेदीची पावती, मालकी कुणाकडून कुणाकडे गेली त्याची साखळी हे पहिले पुरावे. दुसरा म्हणजे फोटो जुळवणं. शर्यतीच्या दिवशीच्या स्पष्ट छायाचित्रातला ओरखडा, स्टिकरचा तिरपेपणा, सुटावरच्या बिल्ल्याची शिवण या वस्तूवर तशीच्या तशी दिसते का ते तपासतात. फोटो जुळला तर भाव अनेक पटींनी वाढू शकतो. वडिलांनी जपलेली एखादी पिवळी पडलेली पावती कधी कधी वस्तूइतकीच मोलाची ठरते, ती अशी.

सही खरी आहे हे कसं कळतं?

ड्रायव्हरच्या सह्या सहज मिळतात, हे वर आलं. पण अर्नहार्ट यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या खऱ्या सह्यांचा साठा कायमचा थांबला, मागणी मात्र वाढली. खोट्या सह्या करणाऱ्यांना याहून चांगली वेळ कोणती? १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत खेळाडूंच्या खोट्या सह्यांचं मोठं जाळं पकडलं होतं. त्यात सह्यांबरोबर खोटी प्रमाणपत्रंही बनवली जात होती. म्हणजे सोबत प्रमाणपत्र आहे एवढ्यानं सही खरी ठरत नाही. प्रमाणपत्र कुणी दिलं, हे पाहावं लागतं.

पीएसए, जेएसए, बेकेट या संस्था पैसे घेऊन सही तपासतात आणि क्रमांक असलेलं स्टिकर देतात. तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. ज्या कार्डावर कंपनीनंच ड्रायव्हरकडून सही घेतलेली असते आणि तसं मागच्या बाजूला छापलेलं असतं, ते सर्वांत कमी धोक्याचं. जुन्या वस्तूंबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सही छापलेली असू शकते. भिंगाखाली पाहिलं तर छापील सहीत बारीक ठिपके दिसतात, पेनाची शाई मात्र कागदावर वेगळी चमकते.

ग्रेडिंग करावं की नाही?

ग्रेडिंग म्हणजे कार्डाची अवस्था तपासून त्याला १ ते १० गुण देणं आणि ते प्लॅस्टिकच्या बंद कवचात ठेवणं. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध छापलं आहे का, या चार गोष्टी पाहतात. एकाच कार्डाच्या ८ आणि १० गुणांच्या प्रतींत भावाचा फरक बराच मोठा असू शकतो.

पण प्रत्येक कार्डामागे शुल्क, येण्याजाण्याचा टपालखर्च आणि विमा द्यावा लागतो. ज्या कार्डाला १० गुण मिळूनही तो खर्च निघणार नाही, ते पाठवण्यात नुकसानच. १९९१ मधलं साधं कार्ड कवचात गेलं म्हणून दुर्मीळ होत नाही. आणि एक सक्त नियम : कार्ड पुसू नये, कोपरे दाबून सरळ करू नयेत, कडा कापू नयेत. अशी छेडछाड पकडली गेली तर कार्डाला गुणच मिळत नाहीत.

विकायचं तर कसं?

घरात असा संग्रह आला असेल तर जाणकारांचा सल्ला साधारण असा असतो.

पहिलं काम वर्गवारी. १९८८ च्या आधीचं सगळं बाजूला. सही असलेलं, अनुक्रमांक असलेलं, टायर-सुटाचे तुकडे असलेलं बाजूला. शर्यतीत वापरलेल्या वस्तू आणि त्यांची कागदपत्रं एकत्र, एकही पावती फेकायची नाही. उरलेला मोठा ढीग म्हणजे बहुधा जंक वॅक्स.

दुसरं, भाव शोधणं. ईबेवर एखाद्यानं कार्डाला पाचशे डॉलर मागितले म्हणजे तेवढे मिळतात असं नाही. तिथे ‘विकल्या गेलेल्या’ वस्तूंची वेगळी यादी पाहता येते. खरी किंमत तीच. छापील दरपुस्तिकांतले जुने आकडे बघून मनात मांडे खाण्यात अर्थ नसतो.

तिसरं, कुठे विकायचं ते ठरवणं. ईबेवर ग्राहक सर्वांत जास्त, पण विक्री शुल्क साधारण १३ टक्क्यांच्या घरात जातं आणि फोटो, पॅकिंग, तक्रारी सगळं स्वतः करावं लागतं. कार्डांच्या दुकानदाराला विकलं तर रोख लगेच मिळते, पण त्याला पुढे नफा कमवायचा असल्यानं तो बाजारभावाच्या बराच खाली घेतो. यात फसवणूक नाही, तो त्याचा धंदा आहे. फार मोलाची वस्तू असेल तर लिलाव संस्था कमिशनवर विकून देते. साध्या ढिगासाठी सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे ड्रायव्हरनुसार गठ्ठे करून एकत्र विकणं किंवा जवळच्या एखाद्या मुलांच्या संस्थेला देऊन टाकणं.

चौथं, पाठवणं. कार्ड आधी मऊ पातळ पिशवीत, मग कडक प्लॅस्टिकच्या कवचात, मग दोन पुठ्ठ्यांमध्ये, मग बुडबुड्यांच्या पाकिटात. महाग वस्तू असेल तर विमा आणि सही घेऊनच देण्याची सोय.

पाचवं, कर. अमेरिकेत संग्राह्य वस्तू वर्षाहून जास्त काळ ठेवून नफ्यात विकली तर त्या नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागू शकतो. शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्याच्या करापेक्षा हा दर जास्त आहे.

भारताशी काही नातं?

नॅस्कार हा अमेरिकेचा, त्यातही दक्षिणेकडच्या राज्यांचा खेळ. पण एक भारतीय नाव त्याच्या इतिहासात आहे. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅस्कारच्या ट्रक मालिकेत धावले. मार्टिन्सविलच्या पहिल्याच शर्यतीत ते तेराव्या क्रमांकावर आले आणि त्या हंगामात मालिकेतले सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून चाहत्यांनी त्यांना निवडलं. त्यांच्याशी जोडलेली एखादी अस्सल वस्तू भारतीय संग्राहकासाठी वेगळीच ठरेल. अमेरिकेतल्या विक्रेत्याला कदाचित तिचं तेवढं अप्रूप नसेल. किंमत ही घेणाऱ्याच्या नजरेत असते, याचं हे साधं उदाहरण.

पुढे काय?

या बाजारातली मोठी अडचण वयाची आहे. अर्नहार्ट आणि गॉर्डन यांच्या काळात ज्यांनी सर्वाधिक खरेदी केली, ती पिढी आता घर लहान करते आहे, वस्तू कमी करते आहे. विकणारे एकाच वेळी खूप आणि त्याच वस्तू हव्या असणारे तरुण कमी. नव्या चाहत्यांना हवे आहेत चेस एलियट, बब्बा वॉलेस किंवा मार्टिन्सविलला भिंतीला घासत पाच गाड्या मागे टाकणारा रॉस चॅस्टेन. २०२१ मध्ये टॅलाडेगा जिंकून वॉलेस हे १९६३ नंतर मुख्य मालिकेत जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय ड्रायव्हर ठरले. अशा विजयाच्या वस्तूंना मागणी राहते, कारण तो क्षण पुन्हा पहिल्यांदा घडणार नसतो.

म्हणून खोकं उघडणाऱ्या मुलांनी तीन प्रश्न विचारायला हवेत. अशा किती वस्तू शिल्लक आहेत? ही अस्सल आहे याचा पुरावा काय? आणि आज ती नेमकी कुणाला हवी आहे? तिन्ही उत्तरं चांगली असतील तर घाई करू नये, जाणकाराला दाखवावं.

आणि उत्तरं चांगली नसतील तर? ३ नंबरची काळी गाडी बाजारात वीस डॉलरची असेलही. पण ती ज्या कपाटात वीस वर्षं होती, ते कपाट वडील दर रविवारी पुसत होते. अनेक घरांत सगळा ढीग विकला जातो आणि एक गाडी मागे ठेवली जाते. तिचा भाव कुणी शोधत बसत नाही.